कपाटातला प्रोजेक्टर बाहेर काढा

खापर, अक्कलकुवा आणि वरच्या डोंगरातल्या पाड्यांवरचे शिक्षक, आश्रमशाळांचे अधीक्षक, ग्रामपंचायतीची मंडळी, आशाताई आणि गणेश मंडळांची पोरं, या सगळ्यांना एक सांगणं आहे. तुमच्या संस्थेच्या कपाटात प्रोजेक्टर पडून असेल, तर जूनमध्ये शाळा उघडायच्या आत तो बाहेर काढा. आधी किल्ली कोणाकडे आहे ते विचारा. पुष्कळ ठिकाणी ती बदली होऊन गेलेल्या सरांच्या खिशात असते, नाहीतर ‘त्यांच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही’ अशा एखाद्या माणसाकडे असते. पंधरा ऑगस्टला यंत्र काढायचं, चित्र आलं तर आलं, नाही आलं तर ‘लॅम्प गेला’ म्हणून पुन्हा कुलूप लावायचं. दिवा बहुतेक वेळा धडधाकट असतो. केबल सैल असते, फिल्टर धुळीने बुजलेला असतो किंवा लॅपटॉपला चित्र बाहेर पाठवायला कोणी सांगितलेलंच नसतं.

दिवा संपेल या भीतीने यंत्र झाकून ठेवणाऱ्यांनी जरा हिशेब करावा. दिव्याच्या प्रोजेक्टरमध्ये दिवा साधारण तीन ते पाच हजार तास चालतो. लेझरवाल्याचं आयुष्य वीस हजार तासांच्या आसपास सांगतात. शाळेने रोज एक तास, वर्षाचे दोनशे दिवस वापरला, तरी वर्षाला दोनशेच तास होतात. चार हजार तासांचा दिवा संपायला वीस वर्षं लागतील. तोवर उंदीर वायर खातील, ओलीने आत बुरशी धरेल आणि नव्या लॅपटॉपचं टोक जुन्या यंत्रात बसेनासं होईल. म्हणजे जपून ठेवल्यानेच यंत्र वाया जातं.

जुन्या काळी या यंत्राला हक्काचा माणूस असायचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणच्या पटवर्धन कुटुंबाने काचेवर रंगवलेली चित्रं दिव्याच्या झोताने पडद्यावर टाकून पुराणातल्या कथा लोकांना दाखवल्या. त्या खेळाचं नाव ‘शांबरिक खरोलिका’. मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं झाली ती जुलै १८९६ मध्ये. पुढे यात्रा-जत्रांतून तंबूतला सिनेमा आला. तिथे कार्बनच्या कांड्या जळत जायच्या, त्यांच्यातलं अंतर सतत जुळवावं लागायचं, म्हणून ऑपरेटर खेळ संपेपर्यंत यंत्रापाशी उभा. सुरुवातीच्या काळातली फिल्म तर ठिणगीने पेट घेणारी. त्या माणसाला यंत्राची भीती होती आणि माहितीही होती. आजचं यंत्र बटण दाबलं की सुरू होतं, म्हणून ज्याच्या हाताला लागेल तो चालवतो आणि बिघडलं की कोणाचंच नसतं.

म्हणून पहिलं मागणं हे की प्रत्येक संस्थेने दोन ऑपरेटर ठरवावेत. एक शिक्षक किंवा कर्मचारी, आणि शाळा असेल तर नववी-दहावीची एक मुलगी. मुलगी मुद्दाम म्हणतो आहे. लॅपटॉप, रिमोट आणि केबली आपोआप मुलांच्या हातात जातात आणि मुली सतरंज्या अंथरतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. भिंतीच्या सॉकेटपर्यंतचं विजेचं काम मोठ्या माणसाने करायचं, त्याच्या पुढचं सगळं त्या मुलीला शिकवायचं.

आता वीज. इथे थोडा वेळ थांबणार आहे, कारण चित्र वाकडं आलं तर कोणी मरत नाही, विजेची चूक मात्र जिवावर बेतते.

प्रोजेक्टरची पिन तीन काड्यांची असते. जाड काडी अर्थिंगची. बोर्डात दोनच भोकं आहेत म्हणून ती काडी तोडणारे, किंवा मोकळ्या वायरी सॉकेटात खोचून काडेपेटीच्या काडीने दाबणारे लोक अजून आहेत. हे करू नका. लॅपटॉपच्या पत्र्याला किंवा केबलच्या टोकाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात ना? ‘थोडा करंट मारतं’ म्हणून आपण हसतो. त्याचा अर्थ सरळ आहे. यंत्राच्या आतून जो किंचित प्रवाह अर्थमधून जमिनीत जायला हवा, त्याला वाट नाही, म्हणून तो धातूच्या भागावर येऊन थांबला आहे. आज तो झिणझिण्यांपुरता आहे. उद्या आतली एखादी वायर सुटून पत्र्याला टेकली तर तोच पत्रा जिवंत होईल, आणि अनवाणी, ओल्या फरशीवर उभं असलेलं पोर त्याला हात लावेल. अर्थ नसलेल्या जागी चालू लॅपटॉपला एचडीएमआय केबल लावताना बारीक ठिणगी पडू शकते आणि त्यात पोर्ट जळू शकतं. म्हणून केबल आधी जोडायची, दोन्ही यंत्रं बंद असताना, आणि मग वीज द्यायची.

शाळा उघडायच्या आधी परवानाधारक वायरमनला बोलवा. प्रोजेक्टरच्या सॉकेटला खरंच अर्थ आहे का हे टेस्टरने नव्हे, मीटरने तपासून घ्या. त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी बसवायला सांगा. प्रवाह गळायला लागला की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत पुरवठा तोडतो. एमसीबी ते काम करत नाही. एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला आरसीसीबी. त्यावर एक टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून पाहायचं. खर्च होतो. पण लाखभराच्या डिजिटल वर्गात हे बसवायला पैसे नव्हते असं कोणी सांगू लागलं, तर ग्रामसभेने त्याला उभं करून विचारावं.

आपल्याकडचा दुसरा त्रास म्हणजे व्होल्टेज. बहुतेक प्रोजेक्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यामुळे कमी दाबाला ते सहसा तग धरतात. घात होतो तो जास्त दाबाने. वाऱ्यात कुठे न्यूट्रल तुटला की घरात २३०च्या जागी ४००च्या आसपास दाब येऊ शकतो आणि पाच मिनिटांत अख्ख्या गल्लीतले टीव्ही बसतात. वीज गेली की प्रोजेक्टरची पिन काढा. परत आल्यावर पाच-दहा मिनिटं दिवे-पंखे नीट चालतात का पाहा, मगच लावा. जनरेटर असेल तर आधी तो सुरू करून त्याचा आवाज एकसारखा होऊ द्या. चांगला स्टॅबिलायझर किंवा यूपीएस असणं उत्तमच. इन्व्हर्टरवर चालवायचं तर प्रोजेक्टर, लॅपटॉप आणि स्पीकर मिळून चारशे वॅट धरा. दीडशे अँपिअर-अवरची बरी बॅटरी दोनेक तास काढेल, जुनी तासाभरात कण्हू लागेल. मे-जूनच्या वळवात गडगडायला लागलं तर कार्यक्रम थांबवून पिन बाहेर काढायची. बटण बंद केल्याने वीज पडण्यापासून यंत्र वाचत नाही.

आणि त्याच एक्स्टेंशन बोर्डावर पाहुण्यांच्या चहाची इलेक्ट्रिक किटली लावू नका. प्रोजेक्टर तीनशे वॅटचा, किटली दीड हजारांची. बाजारातल्या स्वस्त बोर्डाची वायर बोटभर जाड दिसते, आत तांब्याच्या चार बारीक तारा असतात. एक्स्टेंशनचं वेटोळं पूर्ण उलगडायचं, वायर भिंतीकडेने न्यायची, आणि मध्ये ओलांडावी लागलीच तर वर रुंद चिकटपट्टी मारायची. अंधारात धावणाऱ्या पोराचा पाय वायरीत अडकला की वायर, टेबल, यंत्र आणि पोर सगळं एकदम खाली येतं. प्रोजेक्टरचे अपघात होतात ते असे. फार काही तांत्रिक नसतात.

यंत्र कुठे ठेवायचं? प्रत्येक प्रोजेक्टरच्या माहितीपुस्तकात एक आकडा असतो, अंतर भागिले चित्राची रुंदी. तो दीड असेल तर सहा फूट रुंद चित्रासाठी भिंतीपासून नऊ फुटांवर ठेवा. सहा फूट रुंद चित्राची उंची साधारण पावणेचार फूट येते, आणि उंचीच्या सहापटींपेक्षा लांब कोणी बसू नये, म्हणजे शेवटची ओळ बावीस फुटांच्या आत. आपल्या वर्गखोलीला हे बरोबर बसतं. चित्र मोठं करण्याचा हव्यास नको. रुंदी दुप्पट केली की तोच उजेड चौपट जागेवर पसरतो आणि चित्राचा उजेड चौथा हिस्साच उरतो. दुपारी पांढरट दिसणाऱ्या चित्राचं कारण बहुतेक वेळा हेच, किंवा उघडी खिडकी.

टेबल भक्कम हवं, आणि यंत्र भिंतीला काटकोनात. खाली वह्या-पुस्तकांची उतरंड लावून ते वर तिरपं केलं की चित्र वर रुंद, खाली अरुंद होतं. मग आपण मेन्यूत जाऊन ‘कीस्टोन’ने ते चौकोनी करतो. थोडं केलं तर चालतं. फार केलं तर यंत्र चित्राचा भागच कापून टाकतं आणि अक्षरं पुसट होतात, मग मागच्या पोरांना वाचता येत नाही. टेबलाची उंची बदलणं हा खरा इलाज. छताला टांगायचं असेल तर पत्र्याच्या छताच्या पट्टीला तारेने बांधू नका. स्लॅबमध्ये अँकर बोल्ट, कंपनीचा ब्रॅकेट, आणि वर एक सुरक्षेची साखळी वेगळी. खाली पोरं बसणार आहेत.

पडद्याला पैसे नसतील तर चुन्याची पांढरी भिंत उत्तम. ऑइलपेंटची नको, ती चकाकते. खिडक्यांना काळं कापड लावा, पण दार अडवू नका आणि मागचा एक दिवा चालू ठेवा. संपूर्ण अंधारात मास्तरला वर्ग दिसत नाही.

चित्र येत नाही, पडद्यावर निळा रंग आणि ‘नो सिग्नल’. घाबरायचं नाही. रिमोटवरचं ‘सोर्स’ दाबून केबल ज्या भोकात लावली आहे तेच निवडा. लॅपटॉपवर विंडोजची खूण असलेली कळ धरून ‘पी’ दाबा आणि ‘डुप्लिकेट’ घ्या. दहातल्या बहुतेक तक्रारी इथेच मिटतात. आवाज येत नसेल तर तो एचडीएमआयमधून प्रोजेक्टरच्या इवल्याशा स्पीकरमध्ये गेला आहे, तिथून वेगळी वायर मोठ्या स्पीकरला लावा किंवा लॅपटॉपमध्ये आवाजाची वाट बदला. मोबाइल जोडायचा बेत असेल तर आदल्या दिवशी पाहा. टाइप-सीचं भोक दिसलं म्हणून प्रत्येक फोन चित्र बाहेर पाठवत नाही, स्वस्त फोन तर नाहीच. आणि व्हिडिओ आधीच पेनड्राइव्हवर घेऊन या. पाहुणे बसले आहेत आणि पडद्यावर गोल चक्र फिरतं आहे, ही शोभा डोंगरातल्या नेटवर्कच्या भरवशावर करून घेऊ नका.

उष्णता हा या यंत्राचा खरा शत्रू. दिव्याच्या प्रोजेक्टरमध्ये कुपीसारखी क्वार्ट्झची नळी असते, आत पाऱ्याची वाफ. चालू असताना तिच्यातला दाब दोनशे वातावरणांच्या पुढे जातो, म्हणजे जीपच्या चाकात असतो त्याच्या जवळजवळ शंभरपट. पंखा त्या नळीला सांभाळून असतो. म्हणून काम झालं की पिन उपटायची नाही. रिमोटवरचं बटण दोनदा दाबायचं, पंखा एक-दोन मिनिटं फिरून आपोआप थांबू द्यायचा, दिव्याची खूण स्थिर झाली की मग वीज बंद. तापलेला दिवा लगेच पुन्हा लागत नाही. लागत नाही म्हणून सारखं बटण दाबत बसू नका, दहा मिनिटं थांबा. वीजच गेली तर इलाज नाही, पण भाषण लांबलं, राष्ट्रगीत झालं, सगळे उठले म्हणून मेन स्विच पाडणारे कार्यकर्ते प्रत्येक गावात आहेत. त्यांना आधी सांगून ठेवा.

झरोक्यांभोवती फूटभर जागा मोकळी हवी. सत्काराची शाल, फुलांचा हार, कार्यक्रमपत्रिकेचे गठ्ठे यंत्रावर ठेवू नका. चित्र थोडा वेळ लपवायचं असेल तर भिंगापुढे पुस्तक धरू नका, झाकणही लावू नका, ते वितळतं. रिमोटवर ‘ब्लँक’ किंवा ‘म्यूट’चं बटण त्यासाठीच आहे. पुष्कळ प्रोजेक्टर ३५ ते ४० अंशांपर्यंतच्या हवेत चालवायला बनवलेले असतात, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो. पत्र्याच्या खोलीत दुपारी दोनला यंत्र आपणहून बंद पडलं तर ते बिघडलेलं नाही, शहाणं आहे. उन्हाळ्यात कार्यक्रम सकाळी घ्या. रस्त्याच्या कडेच्या शाळांत ट्रकची धूळ सतत येते, तिथे फिल्टर महिन्याला काढून मऊ ब्रशने झटका. माहितीपुस्तकात धुवायला सांगितला असेल तरच धुवा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका. भिंगाला सदऱ्याचं टोक लावू नका, चष्म्याचं कापड वापरा.

दिवा फुटला तर ‘फट्’ असा आवाज येतो. पोरांना बाहेर काढा, दारं-खिडक्या उघडा, अर्धा तास कोणी आत जाऊ नका. मग हातमोजे घालून काचा कागदाने गोळा करून बंद डब्यात भरा. आत पारा असतो, केरसुणीने उडवायचा नाही आणि उकिरड्यावर टाकायचा नाही. दुकानदाराला किंवा ई-कचरा घेणाऱ्याला द्या.

लहान मुलांना भिंगात डोकावायची फार हौस. प्रखर झोतात टक लावून पाहिल्याने डोळ्याच्या पडद्याला इजा होऊ शकते, लेझरवाल्यात तर जास्तच. म्हणून टेबल असं लावा की झोताच्या वाटेत कोणी बसणार नाही. बाई-मास्तरांनी पडद्यावर दाखवायला लांब काठी घ्यावी, बाजूला उभं राहावं, आणि झोतात जावंच लागलं तर वर्गाकडे वळताना यंत्राकडे पाहू नये.

मंडळांच्या पोरांसाठी थोडं वेगळं. चौकात मॅच किंवा सिनेमा दाखवायचा तर आकडा टाकून वीज घेऊ नका. महावितरण सणासुदीला तात्पुरती जोडणी देतं, ती घ्या. पडद्याचे बांबू विजेच्या तारांपासून लांब रोवा. मोठं पांढरं कापड वाऱ्यात शिडासारखं फुगतं आणि बांबूसकट येतं, म्हणून ते चारही बाजूंनी ताणा आणि कापडात थोड्या चिरा पाडा. पाऊस आला म्हणून यंत्रावर प्लास्टिक पांघरू नका, आत कोंडून ते जळेल. यंत्राच्या वर आधीच छोटा मांडव घाला. भाद्रपदात किड्यांचे थवे उजेडावर झेपावतात आणि पंख्याच्या वाऱ्याने आत ओढले जातात. मांडवापासून पंधरा-वीस फुटांवर एक साधा बल्ब लावून ठेवा, बरेचसे तिकडे जातात.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर दाखवण्यासारखं आपल्याकडे खूप आहे. अक्कलकुवा तालुका पेसा क्षेत्रात आहे, इथल्या ग्रामसभेला १९९६च्या पेसा कायद्याने अधिकार दिले आहेत. पण गावचा आराखडा आणि जमाखर्च सचिव पुटपुटत वाचतात आणि लोक अंगठे देऊन उठतात. तोच कागद सहा फूट मोठा करून भिंतीवर टाका, ओळीवर काठी ठेवून वाचा, आणि बघा किती हात वर होतात. सामूहिक वनहक्काच्या दाव्याचा नकाशा भिंतीवर आला की म्हातारी माणसं पुढे येऊन नाला इकडे नाही, तिकडे आहे असं सांगतात. सिकलसेलबद्दल आशाताईंनी तोंडी सांगायचं आणि रक्तातली विळ्यासारखी वाकलेली पेशी डोळ्यांनी दाखवायची, यात फरक पडतो. फक्त व्हिडिओ लावून बाहेर चहाला जाऊ नका. मध्ये मध्ये थांबवा आणि भिलीत, वसावीत, जी बोली समोर बसली आहे तिच्यात समजावून सांगा. प्रमाण मराठीतला आवाज पहिलीतल्या पोराच्या डोक्यावरून जातो.

नवा घ्यायचा असेल तर खोक्यावरच्या ‘दहा हजार ल्युमेन्स’ला भुलू नका. आयएसओ किंवा आन्सी ल्युमेन्स किती ते लेखी मागा; उजेडाच्या वर्गखोलीला तीन हजारांच्या पुढे हवेत. भर दुपारी तुमच्याच खोलीत लावून दाखवायला सांगा. दुरुस्ती नंदुरबारला होते, धुळ्याला की सुरतेला, आणि सुटा दिवा किती रुपयांना मिळतो, हे बिल होण्याआधी विचारा.

यंत्रासोबत एक वही ठेवा. तारीख, कोणी चालवलं, काय दाखवलं, मेन्यूतले दिव्याचे तास, काही बिघाड. बदली झालेल्या सरांनी किल्लीबरोबर ही वहीही पुढच्याच्या हातात द्यायची. यंत्र दुरुस्तीला पाठवताना वहीचं शेवटचं पान मोबाइलवर काढून मेकॅनिकला पाठवा, मूळ रिमोट आणि पॉवर केबल सोबत द्या, आणि दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत कपाट लावण्याआधी रिमोटमधले सेल काढून ठेवा.